वॉर्डातला विद्यार्थी: कुठली शंका धरायची, कुठली सोडायची

वॉर्ड पोस्टिंग सुरू झालं की विद्यार्थ्याच्या डोक्यात दोन जातीच्या शंका एकदमच घर करतात. पहिली मोठी आणि धूसर: आपल्याला हे झेपणार आहे का, आपण चुकून तर इथे आलो नाही ना? दुसरी बारीक: आत्ता श्वासाचा दर १८ लिहिला, तो मोजून लिहिला की हाताच्या सवयीने? पहिलीचं उत्तर वॉर्डात कुणाकडेच नसतं. दुसरीचं उत्तर खाटेशेजारी उभं राहिलं तर एका मिनिटात मिळतं. गंमत अशी की राउंडच्या घाईत पोरं दुसरी शंका झटकून टाकतात आणि पहिली उराशी धरून हॉस्टेलवर जातात. खरं तर उलट करायला हवं.

श्वासाचंच घ्या. कुठल्याही वॉर्डातले केसपेपर चाळा, श्वासाचा दर १६, १८ किंवा २० यांतला एक सापडेल. मोठ्या माणसाचा विसावलेला दर मिनिटाला १२ ते २० असतो, त्यामुळे यातला कुठलाही आकडा लिहिला तरी कुणी विचारत नाही. पण संसर्ग रक्तात पसरत असेल किंवा रक्तातली आम्लता वाढत असेल, तर रक्तदाब पडायच्या बऱ्याच आधी श्वास वाढलेला दिसतो. म्हणजे सगळ्यात लवकर बोलणारी खूण आपण अंदाजाने भरतो. १५ सेकंद मोजून चाराने गुणलं तर एका श्वासाची चूक चार होते, म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं. "आता तुमचा श्वास मोजतो" असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. त्यापेक्षा "काका, जरा नाडी बघतो" म्हणून मनगट धरायचं, ते मनगट त्यांच्याच पोटावर ठेवायचं, नाडी मोजून झाली की बोटं तशीच ठेवून पोटाबरोबर वरखाली होणारा आपला हात मोजायचा. अंगावर पांघरूण असलं तरी हे जमतं.

रक्तदाबात चुका जास्त आणि त्यांची कारणंही ठरलेली. दंडाला गुंडाळायच्या कफमधल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या साधारण ४० टक्के आणि लांबी ८० टक्के हवी. जाड दंडावर लहान कफ बांधला की आकडा खोटा चढतो, आणि वॉर्डात बहुतेक वेळा एकच कफ फिरत असतो. रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला हवा, पाठ टेकलेली, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या पातळीला, आणि मोजताना गप्पा नकोत. हात खाली लोंबत असेल तरी आकडा चढतो. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगवायचा, नाडी लुप्त होते तो आकडा बघायचा, हवा सोडायची, मग स्टेथोस्कोप लावून त्याच्या ३० मिलिमीटर वर न्यायचं आणि सेकंदाला २ ते ३ मिलिमीटरच्या वेगाने उतरायचं. नाडीची ही पायरी विद्यार्थी हमखास गाळतात. ती असते कशासाठी? काही रुग्णांत, विशेषतः दाब जास्त असलेल्यांत, आवाज मध्येच बंद होऊन खाली पुन्हा सुरू होतात. खरा दाब १९० असतो, आपण १६० पर्यंतच फुगवतो, नेमके त्या शांत टप्प्यात पोचतो आणि १५० लिहून मोकळे होतो. कोरोटकोव्ह या रशियन डॉक्टरने हे आवाज १९०५ साली मांडले. तेव्हापासून यंत्रं बदलली, ही चूक तशीच आहे.

आता स्टेथोस्कोप. खाटेभोवती आठ जण उभे, सर विचारतात, "मर्मर ऐकला?", म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा फुसफुस आवाज. पहिला मान डोलावतो, मग सगळेच डोलावतात. आठव्याला काहीही ऐकू आलेलं नसतं, आणि बहुधा तिसऱ्यालाही नसतं. रात्री पहिली शंका इथूनच उगवते: सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. इथे धूसर शंकेचे तुकडे करायला शिकलं पाहिजे. ऐकू का आलं नाही? कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली होती का? दोन तोंडांचा स्टेथोस्कोप (एकीकडे सपाट पडद्याचा डायफ्रॅम, दुसरीकडे वाटीसारखी बेल) असेल तर योग्य बाजू चालू होती का, म्हणजे बोटाने हलकं टकटक करून पाहिलं होतं का? खोल आवाजासाठी बेल वापरताना ती दाबून तर धरली नाही? दाबली की त्वचाच ताणून पडदा बनते आणि खोल आवाज गाळले जातात. मिट्रल झडप अरुंद असेल तर तिचा आवाज खालच्या पट्टीचा असतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, हृदयाचं टोक बोटाने शोधायचं, बेल नुसती टेकवायची, श्वास सोडून थांबायला सांगायचं. महाधमनीची झडप गळत असेल तर सगळं वेगळं: रुग्ण बसून पुढे झुकलेला, श्वास सोडून धरलेला, डायफ्रॅम उरोस्थीच्या डाव्या कडेला घट्ट. आणि आवाज ठोक्याच्या कुठल्या टप्प्यात येतो ते कळायला दुसऱ्या हाताची बोटं मानेच्या नाडीवर हवीत. नुसतं ऐकून टप्पा ठरवणं नवख्याला जमत नाही, जमायची अपेक्षाही नको.

एवढं करूनही नाही कळलं तर? "सर, पहिला आणि दुसरा आवाज कळला, मधलं काही ओळखता आलं नाही." हे वाक्य मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. बहुतेक शिक्षक त्यावर चिडत नाहीत, कारण ते वाक्य त्यांना कुठून सुरुवात करायची ते सांगतं. जे चिडतात ते मान डोलावणाऱ्यावरही कधीतरी चिडणारच असतात.

मुद्दा इतकाच की "नाही", "पाहिलं नाही" आणि "पाहिलं पण कळलं नाही" या तीन वेगळ्या नोंदी आहेत. केसपेपरवर तिन्हींच्या जागी एकच "नॉर्मल" पडतं. पुढचा माणूस तो शब्द वाचून पुन्हा तपासत नाही, आणि एकाने न केलेली तपासणी डिस्चार्जपर्यंत तशीच चालत जाते.

केस घेताना हेच दुसऱ्या रूपात भेटतं. "तीन दिवसांपासून दम लागतो" एवढं लिहून पुढे गेलात तर राउंडला अडकाल. आठवड्यापूर्वी किती जिने न थांबता चढत होता, आता किती? आडवं झाल्यावर वाढतो का? किती उशा घेता? रात्री झोपेतून गुदमरून उठून बसावं लागतं का? पाय सुजलेत का, आणि सूज आधी आली की दम? खोकला, कफ, ताप, छातीत दुखणं, कफातून रक्त, यातलं जे नाही तेही लिहायचं, पण विचारलं असेल तरच. पहिला प्रश्न मोकळा ठेवायचा, "काय होतंय ते सांगा", आणि मग निदान एक मिनिट तोंड बंद ठेवायचं. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात विद्यार्थी दहाव्या सेकंदाला "कफ पडतो का?" असं मध्येच घुसतो, कारण त्याच्या डोक्यात प्रश्नांची यादी असते आणि ती संपवायची असते.

केस सादर करायला तीन-चार मिनिटं पुरतात. वय, कशासाठी आले, तक्रारी ज्या क्रमाने सुरू झाल्या त्या क्रमाने आणि काळासकट, मग नसलेल्या पण महत्त्वाच्या गोष्टी, जुने आजार आणि चालू औषधं डोससह, तपासणी, आणि शेवटी दोन वाक्यांत सार. बिघडतं बहुधा तीन ठिकाणी. वही वाचून दाखवली जाते. तक्रारीच्या जागी निदान घुसतं, म्हणजे "छातीत दुखतं" ऐवजी "अँजायना आहे" (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं) असं म्हटलं जातं आणि पुढचे सगळे त्याच रस्त्याने विचार करायला लागतात. आणि सर अचानक "घरात कुणाला क्षयरोग?" विचारतात तेव्हा विचारलेलं नसताना "नाही सर" बाहेर पडतं. तिथे "विचारलं नाही, आत्ता विचारून येतो" हे उत्तर. दोन क्षण लाज वाटते, पण रुग्णाच्या फाइलमध्ये खोटं जात नाही.

रक्त काढण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते आणि इथे "हात बसणं" म्हणून जे गूढ केलं जातं त्यातलं बरंचसं सांगता येण्यासारखं आहे.

ट्रेमध्ये पट्टा, ग्लोव्हज, ७० टक्के अल्कोहोलचा स्वॅब, २१ गेजची सुई, सिरिंज, नळ्या, कोरडा कापूस, चिकटपट्टी. आणि सुया टाकायचा डबा हाताच्या अंतरावर. तो नर्सिंग स्टेशनवर राहिला की उघडी सुई हातात घेऊन वॉर्डभर चालावं लागतं, आणि बरेच अपघात काम झाल्यानंतरच होतात. ज्या हाताला सलाइन चालू आहे तो नको, डायलिसिससाठी केलेला फिस्टुला (धमनी आणि शिरेची जोडणी) असलेला नको, स्तन काढलेल्या बाजूचा नको.

पट्टा कोपराच्या खळग्याच्या चार बोटं वर, आणि एका मिनिटापेक्षा जास्त नाही. जास्त वेळ राहिला तर पाणी शिरेबाहेर झिरपून रक्त दाट होतं, प्रथिनं आणि कॅल्शियम खोटं वाढतं. मूठ उघडझाप करायला सांगायचं नाही, त्याने पोटॅशियम चढतं. शीर डोळ्यांनी नाही, बोटाने निवडायची. निळी दिसणारी बारीक शीर फसवते. दाबल्यावर दबून परत वर येणारी, न दिसणारी शीर चांगली. पहिली पसंती खळग्याच्या मधल्या शिरेला, मग बाहेरच्या बाजूच्या. आतल्या बाजूला धमनी आणि मज्जातंतू जवळून जातात, तिथे नवख्या हाताने खोल जायचं नाही. शीर सापडायला वेळ लागला तर पट्टा सोडून थोडं थांबायचं. स्वॅबने ३० सेकंद पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. ओल्या अल्कोहोलमधून सुई गेली तर आगही होते आणि रक्तपेशीही फुटतात. पुसल्यावर त्या जागी पुन्हा बोट लावायचं नाही, आणि नेमकं तेच प्रत्येक जण करतो.

नवशिक्याची शीर निसटते त्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्वचा ताणलेली नसते. मोकळ्या हाताच्या अंगठ्याने टोचायच्या जागेच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली त्वचा मनगटाकडे ओढून धरायची आणि सुई आत जाईपर्यंत सोडायची नाही. सुईचं तिरपं तोंड वर, कोन १५ ते ३० अंश, आणि त्वचेतून जाताना झटकन. दुखू नये म्हणून हळू टोचणाऱ्याचंच जास्त दुखतं.

रक्त आलं नाही तर चार शक्यता असतात. सुई अजून पोचली नाही: अगदी किंचित पुढे. शीर आरपार झाली: पिस्टन हलका ओढलेला ठेवून हळूहळू मागे. सुईचं तोंड शिरेच्या भिंतीला चिकटलं: थोडंसं फिरवायचं. पिस्टन जोरात ओढल्याने शीर मिटली: ओढणं सैल करायचं आणि वाट पाहायची. सुई आत ठेवून डावीउजवीकडे शोधत बसणं मात्र नाही. हातात वीज गेल्यासारखी कळ आली तर सुई लगेच बाहेर. जागा फुगायला लागली तर आधी पट्टा सोडायचा, मग सुई काढून दाबून धरायचं. एरवीही क्रम तोच, पट्टा आधी, सुई नंतर. उलट झालं की काळानिळा डाग पक्का. दाबताना कोपर सरळ हवं. हात दुमडून कापूस धरायची सवय रुग्णांनाही असते, पण दुमडल्यावर छिद्रावर नीट दाब बसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्त वेळ दाबायचं.

दोनदा प्रयत्न झाला आणि जमलं नाही, तर सिनियरला किंवा सिस्टरना हाक मारायची. तिसरा प्रयत्न रुग्णासाठी नसतो, तो आपल्या अब्रूसाठी असतो.

नळ्यांचा क्रम पाठ असतो, कारण माहीत नसतं. आधी कल्चरची (जंतू वाढवून पाहायची) बाटली, मग निळी सायट्रेटची, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिनची, मग जांभळी ईडीटीएची, शेवटी करडी फ्लोराइडची. जांभळ्या नळीतलं ईडीटीए हे पोटॅशियमचं क्षार असतं. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं आणि कॅल्शियम बांधलं जाऊन खोटं घटतं. निळ्या नळीत सायट्रेटच्या एका भागाला नऊ भाग रक्त हवं. ती अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होऊन रक्त गोठायला लागणारा वेळ खोटा लांबतो. सिरिंजमधलं रक्त सुईतूनच नळीत जोराने ढकललं किंवा नळी खदखदा हलवली तर तांबड्या पेशी फुटतात, आणि त्यांच्या पोटात प्लाझ्मापेक्षा कितीतरी पट पोटॅशियम असतं. जांभळी नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीपालटी करायची, निळी तीन-चार वेळा.

म्हणूनच संध्याकाळी लॅबमधून "पोटॅशियम ६.८", म्हणजे धोक्याइतकं जास्त, असा फोन येतो तेव्हा बारीक शंका बाळगणारा विद्यार्थी कामाचा ठरतो. पट्टा किती वेळ होता, पिस्टन ओढावा लागला का, आधी कुठली नळी भरली, हे त्याला आठवतं. त्यावर पुन्हा नमुना पाठवता येतो. पण "माझंच काहीतरी चुकलं असेल" म्हणून आकडा गिळायचा नाही. रेसिडेंटला (वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला) ताबडतोब सांगायचं, ईसीजी काढायचा, आणि नवा नमुना त्याच वेळी. खरंच ६.८ असेल तर हृदय आपल्या शंकेसाठी थांबत नाही.

नळीवर नाव रक्त काढल्यावर, खाटेशेजारीच. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारलं तर कमी ऐकू येणाऱ्या आजी "हो" म्हणतात. "आजी, पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहायचं. आधीच चिकटवलेल्या लेबलांच्या रिकाम्या नळ्या घेऊन फिरणं सोयीचं वाटतं. त्यातून रक्तगटाचा नमुना बदलला तर चुकीच्या गटाचं रक्त चढून माणूस दगावू शकतो.

सुई आपल्याच बोटात गेली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, ब्लीच वगैरे लावायचं नाही, आणि त्याच क्षणी कळवायचं. राउंड संपल्यावर नाही. एचआयव्हीबाधित रक्ताच्या अशा टोचणीतून संसर्ग व्हायची शक्यता साधारण ०.३ टक्के, पण हिपॅटायटिस बीची लस न घेतलेल्याला धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग धरला जात नाही, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं. हिपॅटायटिसची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी अशी तीनदा, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासायच्या. पातळी १० किंवा जास्त हवी. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी लस घेणाऱ्याला संरक्षण बरंच नंतर मिळतं, हे लक्षात कुणी घेत नाही. कळवायला लोक टाळतात ते रागावतील म्हणून. टोपण परत बसवताना टोचलं असेल तर रागावतीलही. तरी कळवायचं.

आणखी एक शंका आहे, जी मला रास्त वाटते: आपण शिकण्यासाठी रुग्णाला त्रास देतोय का? कधीकधी देतो. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने दाखवलं की सुईणी शिकत असत त्या प्रसूती विभागापेक्षा वैद्यकीय विद्यार्थी शिकत असत त्या विभागात बाळंतिणी जास्त मरत होत्या. विद्यार्थी शवविच्छेदन करून त्याच हातांनी तपासायला येत. क्लोरिनच्या द्रावणाने हात धुणं सक्तीचं झालं आणि मृत्यू झपाट्याने घटले. आज हॅन्डरब (हाताला चोळायचं अल्कोहोलचं द्रावण) २० ते ३० सेकंद चोळायचा, अंगठे आणि बोटांची टोकं धरून, रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतरही. स्टेथोस्कोपचा पडदाही पुसायचा. तो खाटेखाटेवर फिरतो हे आपण सोयीस्कर विसरतो.

"मी विद्यार्थी आहे, तपासलं तर चालेल का?" हे विचारायचं, "डॉक्टर आहे" असा समज होऊ द्यायचा नाही, आणि नाही म्हटलं तर थांबायचं. पोट तपासताना दुखऱ्या जागेपासून लांब सुरुवात करायची आणि नजर हातावर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. प्लीहा पाहायला सहा जण रांगेत असतील आणि तिसऱ्यालाच चेहरा आक्रसत असेल, तर उरलेल्यांनी दुसरा रुग्ण शोधावा. गुप्तांगांच्या तपासणीला वेगळी, स्पष्ट संमती आणि सोबत तिसरी व्यक्ती. भूल दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत ती संमती आधी घेतलेली असली पाहिजे. नसेल तर "मी करत नाही" म्हणायची मुभा विद्यार्थ्याला आहे, आणि ती वापरावी.

ऑपरेशन थिएटरबद्दल थोडक्यात. उपाशी जाऊ नका, गुडघे ताठ करून उभे राहू नका, पायाची बोटं हलवत राहा. घाम फुटला, आवाज लांबून यायला लागले की "बसतो" म्हणून टेबलापासून मागे सरकून सरळ जमिनीवर बसा. घेरी येण्यात कमीपणा नाही, निर्जंतुक भागावर कोसळण्यात सगळ्यांचाच घोळ आहे.

राहिला रुग्णाचा प्रश्न. संध्याकाळी वॉर्ड रिकामा झाला की मावशी विचारतात, "बाळा, रिपोर्टमध्ये काय आलं रे माझ्या?" मोठ्या डॉक्टरांना विचारायला त्या बिचकतात, विद्यार्थ्याशी दिवसभर बोललेल्या असतात. बायोप्सीचा निकाल आपण वाचलेला असेल तरी तो सांगायचं काम आपलं नाही, कारण त्यानंतरच्या दहा प्रश्नांची उत्तरं आपल्याकडे नसतात. "काळजीचं काही नाही" हे तर मुळीच म्हणायचं नाही. "मावशी, ते सांगायचा अधिकार मला नाही. डॉक्टरांना आत्ता सांगतो, की तुम्ही विचारताय. तुम्हाला नेमकं काय जाणून घ्यायचंय?" एवढं बोलायचं. त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत टिपून रेसिडेंटला द्यायचं, आणि दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी जाऊन विचारायचं, कुणी येऊन बोललं का. नसेल आलं, तर पुन्हा सांगायचं.